चुन्याचे तीन हात

श्रावणजी कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावायचे आणि मग घरातल्या माणसाला ‘जय भीम’ करायचे. बोटांच्या पेरांनी भिंत ठोकायची, कान तिरका करायचा आणि निकाल द्यायचा. बोरगाव मेघेतल्या माझ्या भाड्याच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा घरमालक शेजारीच उभे होते. श्रावणजींनी भिंत ठोकली आणि म्हणाले, “पोकळ बोलून राह्यली जी. मांगच्या खेपेले कोणीतरी घाई केली.”

मागच्या खेपेला मालकांनी स्वतःच चुन्याचा हात मारला होता.

तीस वर्षं या माणसाने वर्ध्यातल्या घरांना चुना मारला. पावसाळा आणि हिवाळा सिंदी रेल्वेच्या पलीकडच्या आपल्या गावी, वावरात. उन्हाळा वर्ध्यात, शिडीवर. चुन्याने त्यांच्या बोटांवरच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या. रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं मशीन त्यांना कधीच ओळखायचं नाही. दुकानदार वैतागायचा. ते अंगठा सदऱ्याला पुसून पुन्हा ठेवायचे आणि म्हणायचे, “मशीन नाई ओळखत मले. पण वर्ध्यातल्या भिंती ओळखते.”

माझ्या घराचा चुना त्यांनी चार दिवस मारला. पहिला हात दिला तेव्हा भिंत ओली झाल्यासारखी दिसली, पांढरी काही झाली नाही. मालक म्हणाले, “अहो, जरा जाड मारा ना, एकाच हातात उरकेल.” श्रावणजी शिडीवरून न उतरता म्हणाले, “जाड मारला का पोपडे निघते. पातळ मारला का भिंत त्याले पिते. तीन हात पातळ. मंग तुमचे नातवंडं खरडून पाहो, निघाचा नाई.”

त्या भिंती आजही तशाच आहेत. त्यांच्याकडे पाहताना मला शांत वाटायचं नाही, त्याचं कारण पुढे सांगतो.

मी माती तपासणाऱ्या कार्यालयात नोकरीला होतो. शेतकऱ्यांच्या वावरातून मातीचे नमुने आणायचे, तपासायचे आणि ज्याच्या त्याच्या नावाने कार्ड भरायचं. त्या कार्डावर एक आकडा असतो, सामू. माती आंबट आहे की खारी हे तो आकडा सांगतो. सात म्हणजे मधोमध, त्याच्या वर खारी, खाली आंबट. आमच्या जिल्ह्यातली काळी जमीन चुनखडीची, सामू बहुतेक आठाच्या आसपास. खणलं की चुनखडीचे पांढरे खडे हाताला लागतात. इथल्या मातीत चुना टाकणं म्हणजे नदीत पाणी ओतणं, असं आम्ही चहा पिताना म्हणायचो.

श्रावणजींची जमीन धाकट्या भावासोबत, बंडूसोबत, सामायिक होती. निम्मी रस्त्याला लागून, काळी. निम्मी वर उतारावर, मुरमाड, हलकी. तिला तिकडे बरड म्हणतात. त्याच्याही वरचा एक तुकडा एकट्या बंडूकडे होता. बरडीवर श्रावणजींनी नांगर बंद केला होता. एका पावसाळ्यात त्यांनी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभं राहून आपल्या नांगरलेल्या वावरातून तांबडं पाणी वाहताना पाहिलं, आणि घरी येऊन नांगर आढ्याला टांगला. एकदाच गादीवाफे पाडले. त्यानंतर जुन्या पिकाची धसकटं जमिनीतच ठेवायची आणि मधल्या जागेत बी टोबून पेरायचं. गावाने त्यांना आळशी ठरवलं. ते म्हणायचे, “नांगर म्हणजे भिंत पाडून पुन्हा बांधनं. मी चुना मारनारा मानूस आहो, गवंडी नाई.”

काही वर्षांत त्या बरडीत गांडुळं आली. पाऊल ठेवलं की माती किंचित दबायची आणि पुन्हा वर यायची. वच्छलाबाई, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, “घरातल्या गादीपरीस इथीची गादी बरी.”

त्याच सुमारास त्यांनी मला म्हटलं, “साहेब, आमच्याही मातीचं कार्ड काढून द्या ना.”

त्या उन्हाळ्यात नमुन्यांचा ढीग पडला होता आणि ऊन मी म्हणत होतं. मी त्यांच्या गावी गेलो, रस्त्यालगतच्या काळ्या जमिनीत एक खड्डा केला, माती पिशवीत भरली. वर बरडीकडे पाहिलं. चढ होता. मी गाडीला किक मारली. दोन्ही जमिनींच्या कार्डांवर मी एकच आकडा लिहिला. आणि जास्त सामूसाठी जी ठरलेली शिफारस असते, तीही लिहिली, दोन्हीकडे: गंधक टाका. गंधक मातीला आंबटपणाकडे नेतं. काळ्या जमिनीला ते चाललं असतं.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. असं एकटा मीच करत होतो, असंही नाही, पण त्याने माझं ओझं हलकं होत नाही.

श्रावणजींचा छापील कागदावर फार विश्वास. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण कागदाला ते पाय लागू द्यायचे नाहीत. बरडीचं कार्ड त्यांनी सिंदीला नेऊन प्लास्टिकमध्ये पक्कं करून आणलं आणि घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला अडकवलं. त्यात लिहिलं होतं तेवढं गंधक, लिहिलं होतं त्या महिन्यात, दोन वर्षं टाकलं. युरियाही माती आंबट करतो, आणि तो तर आधीपासून पडतच होता. नांगर नसल्यामुळे सगळं वरच्या थरातच साचत गेलं.

दुसऱ्या वर्षी बरडीवरचा हरभरा पिवळा पडला. रोप वीतभर उंचीवर थांबलं. श्रावणजी कार्यालयात आले आणि मला विचारलं, “कार्डात लिवलं तसंच केलं जी. माहं काही चुकलं का?”

मी म्हणालो, “पाहतो.”

‘पाहतो’ हा आमच्या कार्यालयातला सगळ्यात वापरलेला शब्द. मी काहीच पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. खिशातून वर्तमानपत्राच्या दोन पुड्या काढल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं हरभऱ्याचं एक रोप. “हे वावरातली वरची दोन बोटं माती. आन् हे त्याच्या खालची. वायलीवायली ठेवा, मिसळू नोका.” मग फडकं उघडलं. “मुळं पाहा. वर कशे आखूड, कोळपल्यावानी. खाली गेल्यावर पांढरे. रोग असता तर सगळीकडंच असता. वरच्या दोन बोटांतच काहीतरी हाये. मी जिभेवर लावून पाह्यली.”

“माती?”

“हाव. हिनं शिव्या घातल्या. पण चुन्यानं पोळलेली जीभ हाये माही, तिले आंबट लवकर समजते.”

त्या पुड्या मी तपासल्या. खालची माती साताच्या जवळ. वरची दोन बोटं पाचाच्याही खाली. मशीन बिघडलं असेल म्हणून मी पुन्हा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. आमच्या पद्धतीत खड्डा वीतभर खोल करतात आणि सगळी माती एकत्र मिसळतात. तसं केलं असतं तर वरचा आंबटपणा खालच्या मातीत बराचसा लपला असता. माझ्या मनात लगेच आलं, की हे सांगता येईल. पद्धतच अशी आहे हो श्रावणजी, म्हणता येईल. चार दिवस मी तेच वाक्य घोळवत होतो.

पाचव्या दिवशी त्यांच्या बरडीवर गेलो. श्रावणजी आणि वच्छलाबाई, दोघंही तिथेच होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की मी या वावरात आलोच नव्हतो.

श्रावणजी खाली बसले होते. म्हणाले, “धुऱ्यापर्यंत तरी?”

“नाही. खालूनच गेलो.”

“काऊन?”

“ऊन होतं.”

हा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला तेव्हा तो मला स्वतःलाच ऐकवेना. वच्छलाबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “गंधक मी फेकलं जी. या हातानं, दोन साल. डोळे झोंबत होते तर पदर बांधून फेकलं. साहेबानं लिवलं म्हनून.”

मला वाटलं, आता ते मला हाकलून देतील. खरं तर तेच बरं झालं असतं. श्रावणजी उठले, झाडाखालून खुरपं आणलं आणि माझ्या हातात दिलं. “खना. दोन बोटं. धा ठिकानी. अन् प्रत्येक जागची माती वायली.”

दुपारभर मी खणत होतो. ते माझ्यामागे चालत प्रत्येक खड्ड्यात आपली दोन बोटं घालून खोली मोजत होते. एक खड्डा तीन बोटं झाला. त्यांनी तो बुजवायला लावला आणि शेजारी दुसरा करायला लावला. संध्याकाळी वच्छलाबाईंनी भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. त्या विषयावर श्रावणजी पुन्हा कधी रागाने बोलले नाहीत. चेष्टेने मात्र नेहमी बोलले. कोणी मला भेटायला आलं की ओळख करून द्यायचे, “हे आमचे साहेब. यायले ऊन लागते.”

उपाय उघड होता, चुना. पण तो मातीत मिसळायचा तर एकदा नांगरावं लागेल, असं पुस्तक सांगत होतं, आणि मीही तेच म्हणालो. वरची माती खाली, खालची वर, मध्ये चुना. श्रावणजींनी मान हलवली. “एकडाव उलटवलं का इतक्या सालची भिंत पडली. गांडुळं उन्हात येतीन, माती नाल्यात जाईन. चुना वरूनच मारू. आंबट वरच हाये ना? मंग?”

“वरून टाकलेला खाली जायला फार वेळ लागतो.”

“भिंतीतही वेळच लागते. तीन हात पातळ.”

बंडू धुऱ्यावर बसून ऐकत होता. बंडू मोठा गमत्या माणूस, नवा ट्रॅक्टर घेतलेला, आणि त्या ट्रॅक्टरला काम नसलं की त्याला चैन पडायचं नाही. तो टाळी वाजवून हसला. “अगा दादा! पह्यले साहेबानं तुले चुना लावला, आता तू वावराले लावून राह्यला!”

सगळे हसले. मीही हसलो. माझे कान तापले होते.

मग बंडूचं हसू ओसरलं. तो म्हणाला, “पाह्य दादा, जमीन दोघायची हाये. दोन साल गंधक टाकून हरभरा गेला. मी तुले तीन साल देतो. तिसऱ्या साली फुलावर आला का आपुन मुळं उपडून पाहू. गाठी नाई दिसल्या, तर माहा नांगर या बरडीत घुसन. मंग तू काही बोलजो नोको.”

हरभऱ्याच्या मुळांवर बारीक गाठी येतात. त्या हवेतलं अन्न ओढून झाडाला देतात. आंबट मातीत त्या धरत नाहीत. बंडूची अट रास्त होती.

“तीन हात,” श्रावणजी म्हणाले. “मले तेवढेच लागते.”

चुना आणायला श्रावणजी आणि मी वणीकडे गेलो. भट्टीवाल्याने भाजलेल्या चुन्याचं पोतं पुढे केलं. श्रावणजींनी चिमूटभर घेतला, वर थेंबभर पाणी टाकलं. फस्स आवाज झाला आणि वाफ निघाली. “हा जिता हाये,” ते म्हणाले. “भिंतीले बरा, विझवून. वावरात गांडुळाले पोळवन. मले भट्टीत न गेलेल्या दगडाची भुकटी पायजे.” भट्टीवाल्याने मागच्या ढिगाकडे बोट दाखवलं. श्रावणजींनी तिथली भुकटी दोन बोटांत चोळली. एका ढिगाची खरबरीत लागली, तो सोडला. दुसऱ्या ढिगाची पिठासारखी होती. “हे मुरन,” म्हणाले. ज्या बोटांना मशीन ओळखत नव्हतं, ती बोटं आमच्या चाळणीचं काम करत होती.

त्यांनी चुना फेकला तो भिंतीला हात द्यावा तसा. मागे मागे चालत, मनगट सैल सोडून, डावीकडून उजवीकडे. स्वतःचं पाऊल चुन्यावर पडू द्यायचं नाही. मी एक ओळ फेकली तर ते ओरडले, “पातळ, साहेब, पातळ! भाकरीचं पीठ हाये का ते?”

पहिल्या वर्षी काही झालं नाही. हरभरा पिवळाच राहिला. बंडू जाता-येता ट्रॅक्टरचा भोंगा वाजवायचा. श्रावणजी म्हणायचे, “पह्यला हात भिंत पिऊनच टाकते. दिसत नसते.”

दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या हातानंतर, पिवळेपणा जरा कमी वाटला. मी गेलो होतो तेव्हा त्यांनी एक रोप उपटलं, मुळं पाण्यात धुतली. दोन गाठी होत्या, मोहरीएवढ्या. मला इतका आनंद झाला की मी म्हणालो, “बंडूभाऊला बोलावू!” दुसरं रोप उपटलं. त्यावर काहीच नव्हतं. तिसऱ्यावरही नाही.

“बलावू नोका,” श्रावणजी म्हणाले. “दोन म्हंजे दोनच. एका झाडाचं सगळ्या वावरावर लिवाचं नाई.”

ते माझ्याकडे पाहून बोलले नव्हते. मुळं धूत बोलले होते. टोमणा मारायचा तर ते सरळ मारायचे. हे त्यांनी सहज म्हटलं होतं, म्हणून ते मला अजून आठवतं.

त्या वर्षापासून मी वावरात गेल्याशिवाय एकही कार्ड भरलं नाही. जुनी, संशयाची कार्डं घेऊन घरोघर गेलो, नमुने पुन्हा काढले. काही लोकांनी सुनावलं. वडनेरच्या एका म्हाताऱ्याने तर उठून दार लावलं. ते बरोबरच होतं.

तिसऱ्या वर्षी हरभरा फुलावर आला तेव्हा बंडूचा निरोप आला: रविवारी सकाळी. मी पोचलो तर बंडू ट्रॅक्टर घेऊनच उभा होता, मागे नांगर जोडलेला. इंजिन चालू. सकाळची आंब अजून पानांवर होती. हरभऱ्याच्या पानांवर ते आंबट दव साचतं, त्यातून चाललं की विजार गुडघ्यापर्यंत भिजते. त्या सकाळी वावर हिरवं होतं, पण हिरवं मी दुसऱ्या वर्षीही थोडं पाहिलं होतं. माझा धीर होत नव्हता. वच्छलाबाई धुऱ्यावर हाताची घडी घालून उभ्या होत्या.

“उपड दादा,” बंडू म्हणाला.

“तू उपड. तुह्याच हातानं. अन् जागा तूच निवड. पाह्यजे तं तो उताराचा कोपरा, जिथं सगळ्यात बेकार होता.”

बंडू त्याच कोपऱ्यात गेला. रोप सहज आलं नाही, ओढावं लागलं. मुळांसोबत मातीचं ढेकूळ आलं आणि त्यात एक गांडूळ वळवळत होतं. बंडूने बादलीत मुळं खळबळली, वर काढली आणि पाहत राहिला. मुळांवर गाठींचे घोस होते. वरच्या दोन बोटांतच सगळ्यात जास्त.

श्रावणजींनी एक गाठ अंगठ्याच्या नखाने चिरली. आतून लालसर, गुलाबी. “जिती हाये,” ते म्हणाले. “आतून पांढरी असती तं खोटी असती. आता दुसरं उपड. धा झाडं पाह्यल्याबिगर मानू नोको.”

बंडूने दहा उपटली. प्रत्येक वेगळ्या जागी. चौथ्यानंतर तो पळत जाऊ लागला. सातव्याला ओरडला, “वैनी, पाह्य वो पाह्य!” वच्छलाबाई पदर खोचून वावरात उतरल्या आणि त्यांनी अकरावं उपटलं. ते त्यांनी बादलीत धुतलं नाही, ओंजळीत घेऊन आंबेनेच पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. “लिवा साहेब,” म्हणाल्या. “आता लिवा.”

मी वरच्या दोन बोटांची माती काढली, दहा ठिकाणची, वेगवेगळी. मशीन सोबत आणलं होतं. आकडा साडेसहाच्या आसपास होता, सगळीकडे. मी मशीन पुढे धरलं. श्रावणजींनी त्यात डोकावून पाहिलं.

“आंब पानावर पायजे,” ते म्हणाले, “मुळाशी नाई. आता जागेवर गेली.”

बंडू ट्रॅक्टरकडे गेला. इंजिन बंद केलं. आजूबाजूला एकदम इतकी शांतता झाली की पलीकडच्या वावरातल्या बाया मान वर करून पाहू लागल्या. बंडू खाली उतरला, नांगराची पिन काढली आणि नांगर धुऱ्यावरच सोडून दिला. मग डोकं खाजवत म्हणाला, “दादा, माह्याकडचा वरचा तुकडाही बरडच हाये ना बे... म्हंजे, ना जी?”

“बे म्हन, बे म्हन,” श्रावणजी म्हणाले. “पन आंधी माती तपास. चुना काही परसाद नाई सगळ्याले वाटाले.”

त्या घटनेनंतर आसपासच्या गावांतले लोक त्यांच्याकडे पुड्या घेऊन येऊ लागले. ज्यांची जमीन काळी, त्यांना ते सरळ परत पाठवायचे: “तुह्या मातीत चुना जल्मापासून हाये. पैसे अन् कंबर वाचव.” ज्यांची बरड, त्यांना आधी माझ्याकडे पाठवायचे. पुड्यांवर श्रावणजींच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असायचं: वरची दोन बोटं. खालची.

या वर्षी माझी बदली झाली, दुसऱ्या जिल्ह्यात. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या गावी गेलो. घरात शिरताना मी तसबिरीशेजारी पाहिलं. खिळा रिकामा होता. मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. वच्छलाबाई म्हणाल्या, “ते वावरात गेले. बंडूच्या.”

बंडूच्या बरडीवर दोघं भाऊ होते. श्रावणजी मागे मागे चालत होते, कोपरापर्यंत पांढरे, आणि बंडू पोतं धरून त्यांच्यासोबत. जवळ गेलो तेव्हा दिसलं, की श्रावणजी पोत्यातून भुकटी काढत होते ती एका चौकोनी पट्टीने. प्लास्टिकमध्ये पक्कं केलेलं माझं कार्ड होतं ते. त्याची एक बाजू घासून गोल झाली होती. मी लिहिलेला आकडा चुन्याखाली दिसेनासा झाला होता.

त्यांनी माझी नजर ओळखली. कार्ड वर धरून हलवलं. “यानं बरोबर माप येते जी,” ते म्हणाले. “एका खेपेले एक कार्ड. कामाचं निघालं शेवटी तुमचं.”

मी चप्पल काढली आणि वावरात उतरलो. त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. मी भुकटी घेतली, मनगट सैल सोडलं, मागे मागे चालू लागलो. ओळीच्या टोकाला जाऊन वर पाहिलं. श्रावणजी वावराच्या मधोमध उभे होते, कमरेवर हात ठेवून, कान तिरका करून, जणू त्या सगळ्या उताराला त्यांनी नुकतंच ठोकून पाहिलं होतं.

“हाव,” ते तिथूनच ओरडले. “आता पातळ पडून राह्यला.”